शेतीच्या लाइनीवरची गिरणी

सारजामावशीच्या गिरणीवर दळण घेऊन गेलेल्या बाईला पीठ मिळायचंच, वर चार शब्दही मिळायचे. कुणाची सून ओलसर बाजरी घेऊन आली की, "ही बाजरी हाय का न्हाणीतून काढली गं?" कुणी गहू न निवडता आणले की, "खडे कशाला दळतीस बाई, तसेच वाढ की नवऱ्याला." बाया हसायच्या, चिडायच्या, पण डबा तिच्याकडंच ठेवायच्या. भाकरी थापताना कड फाटू नये इतकी बारीक बाजरी आणि पुरणपोळीला लागतो तसा मऊ गहू तिच्याच दगडातून निघायचा. दळून गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी तीच लावायची. छन्नी-हातोडा घेऊन बसली की नवऱ्यालासुद्धा जवळ येऊ द्यायची नाही.

ती माझ्या आईची थोरली बहीण. फुलंब्रीच्या पुढं बोरवाडी नावाचं गाव आहे, त्या गावापासून लांब, शेतात, तिची वस्ती. पूर्वी सगळे गावातच राहायचे. मग भावाभावांच्या वाटण्या झाल्या, गावातली घरं पुरेनात, तसे लोक आपापल्या शेतात राहायला गेले आणि वीस-पंचवीस घरांचा एक पुंजका तयार झाला. तिथं शाळा नाही, दुकान नाही. एक गिरणी होती, तीही मावशीनं हट्टानं घातली म्हणून. मावशीचे यजमान बन्सीकाका कन्नडच्या साखर कारखान्यात फिटर होते. गुडघे गेल्यावर ते घरी आले, तेव्हा येताना भंगारातून दहा हॉर्सपॉवरची एक मोटर घेऊन आले. विहिरीवर बसवू म्हणाले. मावशी म्हणाली, "पाणी समद्यांकडं हाय. पीठ कुणाकडं हाय?"

त्या गिरणीवर तिनं दोन पोरींची लग्नं केली. त्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे गिरणीमुळं ती वस्तीची पुढारी झाली. वस्तीत कुणाचं काय चाललंय हे गिरणीवर कळायचं आणि काय करायचं हेही गिरणीवरच ठरायचं. पुरुष आधी कुरकुर करायचे, मग तिचं ऐकायचे.

वस्तीची एकच अडचण होती आणि ती गिरणीची पण होती. सगळ्या वस्तीला मिळून एक डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. घरातले दिवे, विहिरींवरच्या मोटरी आणि मावशीची गिरणी, सगळ्यांचा भार त्या एका डीपीवर. दर उन्हाळ्यात ती जळायची. जळाली की वस्तीतले पुरुष ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ती शहरात न्यायचे आणि दुसरी मिळेपर्यंत हेलपाटे घालायचे. तोवर बाया डबे डोक्यावर घेऊन गावात बद्रीनाथच्या गिरणीवर जायच्या. परत आल्यावर मावशीला सांगायच्या, "आक्का, त्याचं पीठ भरड येतं." मावशीला ते ऐकायला आवडायचं, पण ती म्हणायची, "भरड खाऊन मेलं नाय अजून कुणी."

भारनियमनाचे दिवस होते ते. वीज अपुरी पडायची आणि सबस्टेशनवरून निघणारी एकच तार गावालाही जायची, शेतालाही. शेतीचा भार कमी करायचा तर गावही अंधारात जायचं. तेव्हा सरकारनं फीडर वेगळे करायची योजना आणली. फीडर म्हणजे सबस्टेशनवरून निघणारी मुख्य तार. गावठाणाची तार वेगळी करायची आणि तिला चोवीस तास वीज द्यायची. शेतीची तार वेगळी करायची आणि तिला पाळीपाळीनं आठ तास थ्री फेज, म्हणजे मोटरी चालतील अशी पूर्ण वीज द्यायची. मी तेव्हा शहरात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करत होतो. आमचे सर फळ्यावर दोन रेषा काढून ती योजना समजावून सांगायचे. दोन रेषांमध्ये तिसरं काही नव्हतं.

पण ज्या डीपीवर घरंही आहेत आणि मोटरीही, ती कोणत्या तारेला जोडायची? नियम केला होता. डीपीवरचा निम्म्याहून जास्त भार मोटरींचा असेल तर डीपी शेतीची, नाहीतर गावठाणाची. भार किती आणि कशाचा, हे सर्व्हे करून ठरवायचं. ठेकेदाराची माणसं येणार, लोक सांगतील ते लिहून घेणार, त्यावर आराखडा होणार आणि आराखड्यावर निधी येणार. हा नियम वस्तीला सांगायला कुणी आलं नाही. सर्व्हे होणार एवढंच गावातल्या फकिरा वायरमननं जाता जाता सांगितलं.

त्या रात्री गिरणीवर माणसं जमली. इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं मोटरीचं बिल हॉर्सपॉवरवर येतं. त्यामुळं लाइटीचा माणूस पांदीत दिसला की पाचची मोटर तीनची व्हायची आणि दुसरी मोटर कडब्याखाली जायची. ही वस्तीची जुनी रीत होती, कुणी कुणाला शिकवावी लागत नव्हती. मावशीनं त्या रात्री ती मोडायला सांगितली.

"या बारीला लपवालपवी नाय," ती म्हणाली.

"का? सरकार जावई झालं का तुझं?" हा कडूबा, तिचा चुलतदीर. तिच्या तोंडाला तोंड देणारा वस्तीवर तो एकटाच.

"जावई असतं तर बरं झालं असतं, सणाला तरी आलं असतं. शेलार वस्तीला मोठी डीपी कशानं भेटली रे? त्याह्यनी समद्या मोटरी दाखवल्या. भार दिसला, डीपी भेटली. आपण चोरावानी लपवीत बसलो आन् दर उन्हाळ्याला डीपी ट्रॉलीत घालून हिंडतो."

"बिल वाढंल वहिनी."

"तू बिल भरतोस व्हय? कवापासून?"

माणसं हसली. कडूबाही हसला. मग म्हणाला, "मही मोटर तर जळून पडलीय. विहीरच ढासळली."

"ती बी नेऊन ठेव विहिरीवर. जळाल्याली हाय हे मोटर सांगती काय?"

"आन् घरं?" बन्सीकाकांनी कोपऱ्यातून विचारलं. ते फार कमी बोलायचे.

 वस्तीतल्या निम्म्या घरांत मीटर नव्हतं, तारेवर आकडा टाकून दिवे लावलेले होते. "घरं झाकायची," ती म्हणाली. "आकडे काढून ठेवा. दंड लागला तर मला शिव्या द्याल."

मावशी अडाणी नव्हती. शेलार वस्तीचं तिनं सांगितलं ते खरंच होतं. आधीच्या योजनेत भार दाखवणाऱ्याला मोठी डीपी मिळाली होती. फक्त ती योजना संपली होती आणि या नव्या योजनेचा नियम दुसरा होता. दर योजनेचा नियम वस्तीला कळायचा तो ती योजना संपल्यावर.

सर्व्हेला दोन पोरं मोटरसायकलवर आली. मावशी स्वतः त्यांच्याबरोबर शिवारभर फिरली. कडूबाची जळकी मोटर वस्तीतल्याच सांडूच्या बैलगाडीतून नेऊन ढासळल्या विहिरीच्या कडेला ठेवली होती. सांडूनं तिच्यावर पाणीही शिंपडलं होतं, आत्ताच चालून बंद झाल्यासारखं दिसावं म्हणून. भाच्याच्या नावावर एक मोटर, मयत सासऱ्याच्या नावावर एक. पोरं लिहीत गेली.

"मावशी, घरं बरीच दिसतात की इथं," त्यातला एक म्हणाला.

"घरं कुठली बाबा. खोप्या हायेत. राखणीला म्हणून ऱ्हातो. आमची घरं गावात."

"आणि ही गिरणी?"

"ती लिवा. थ्री फेज हाय, लई भार घेती."

पोरांना तिनं चहा पाजला आणि जाताना दोन किलो गव्हाचं पीठ बांधून दिलं.

दोन पावसाळे गेले. मग एका दिवाळीनंतर खरंच खांब आले. मावशीच्या आनंदाचं मी काय सांगू. ती फोनवर आईला रोज नवं सांगायची, आज खड्डे खणले, आज तार आली. नवी तार सबस्टेशनवरून निघून वस्तीवरूनच गावाकडं जाणार होती. एक खांब तिच्या गिरणीच्या भिंतीला लागून येत होता. ठेकेदाराचा मुकादम बिचकत परवानगी मागायला आला, कारण बाकीचे लोक खांबासाठी भांडत होते. मावशी म्हणाली, "मह्या उरावर रोव बाबा, पर लाइट दे." तार ओढणाऱ्या मजुरांना तिनं आठवडाभर पिठलं-भाकरी घातली. खांब उभा राहिला तेव्हा नारळ तिनंच फोडला.

तार सुरू झाली त्या दिवशी वस्तीवरची लाइट गेली. मावशीला वाटलं, नवीन काम आहे, जोडाजोडी चालली असेल. ती डबे मांडून बसून राहिली. संध्याकाळी गावात दिवे लागले, वस्तीवरून ते दिसत होते. वस्तीवर एक फेज आला, तोही जाऊन-येऊन, त्यात बल्ब मिणमिणले, पण गिरणीला तीन फेज लागतात. दुसऱ्या दिवशी फकिरा सायकलवरून जाताना तिनं त्याला अडवलं.

"का रे, आमचे दोन फेज कुठं ठिवले?"

"आक्का, तुम्हाला ठाव नाय? तुमची डीपी शेतीच्या लाइनीवर गेली. या हप्त्याला थ्री फेज रात्री. पुढच्या हप्त्याला दिवसा."

"आन् ही वरची तार?"

फकिरानं मान वर केली. "ही गावाची. चोवीस तास."

ती तार गिरणीच्या पत्र्यावरून गेली होती.

त्यानंतरची दोन वर्षं मावशीनं गिरणी कशी चालवली ते तिलाच माहीत. रात्रीच्या हप्त्यात, म्हणजे थ्री फेज रात्री असलेल्या आठवड्यात, ती रात्री दळायची, सकाळी बाया पीठ न्यायच्या. दिवसाच्या हप्त्यात थ्री फेज आला की वस्तीतल्या सगळ्या मोटरी एकदम चालू व्हायच्या, व्होल्टेज पडायचं आणि गिरणीचा दगड म्हाताऱ्यासारखा फिरायचा. पीठ भरड यायला लागलं. बाया काही बोलायच्या नाहीत, हे तिला जास्त लागायचं. फुलंब्रीच्या एका मिस्त्रीनं सांगितलं म्हणून तिनं एका फेजवर मोटर चालवायला कंडेन्सर लावून घेतले. काही दिवस चालली. मग मोटर जळाली. तिचं वाइंडिंग भरून आणेपर्यंत डबे गावाच्या वाटेला लागले, आणि या वेळी मोटर दुरुस्त झाली तरी त्यातले बरेच परत फिरले नाहीत. बद्रीनाथकडं लाइट जातच नव्हती.

मग मावशीच्या मनानं घेतलं की हे बद्रीनाथनंच केलं. त्याचा मेहुणा ठेकेदाराच्या ओळखीचा होता म्हणे. वस्तीलाही ते पटलं, कारण अंधार सगळ्यांच्याच घरी होता. एका बाजाराच्या दिवशी ती थेट त्याच्या गिरणीवर गेली. दहा बायांसमोर म्हणाली, "बद्रीनाथ, मही लाइट दळून खातोस, पचतीय का?"

बद्रीनाथनं गिरणी बंद केली. तो स्वभावानं थंड माणूस. "आक्का, तार काय मी खिशात घालून आणली का? सरकारनं दिली, मी घेतली."

"सरकारला तुहंच घर दिसलं?"

"आमची घरं दिसत व्हती, म्हणून दिसली."

त्यानं ते सहज म्हटलं होतं. मावशी तरातरा निघून आली आणि पुढं वर्षभर त्याच्याबद्दल मिळेल तिथं बोलत राहिली.

मला शहरात, गारखेड्यात, एका सल्लागार कंपनीत नोकरी लागली. आमचं काम विजेच्या नव्या योजनांचे आराखडे करायचं. हे कळल्यावर मावशी काळीपिवळी जीप करून माझ्याकडं आली. "तू आता लाइटीचा सायब," ती म्हणाली. "मही डीपी गावाच्या लाइनीवर घाल." मी साहेब नव्हतो, पण माझ्या ओळखीचे एक साहेब होते. वैजनाथराव म्हणून, वीज कंपनीत उपअभियंता. त्यांच्याकडं तिला घेऊन गेलो.

वैजनाथराव भला माणूस. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, कॉम्प्युटरवर तिची डीपी शोधली. मग पडद्यावरची यादी खालपर्यंत वाचली.

"बाई, तुमच्या डीपीवर मोटरीच मोटरी आहेत. घरं नाहीत जवळजवळ. ही शेतीवर जाणारच होती."

"घरं हायेत की सायब. वीस-पंचवीस हायेत."

"इथं पाच आहेत."

"कुणी सांगितलं?"

"वस्तीनंच सांगितलं असणार. सर्व्हेला विचारूनच लिहितात. मोटरी निम्म्याहून जास्त असल्या की शेती, असा नियम होता."

मावशीचा चेहरा मी पाहिला. ती रागावली नाही. बोटांनी पदराची कड मोजल्यासारखी चाचपत राहिली. तिला त्या एका क्षणात सगळं कळलं होतं, कडूबाची मोटर, सांडूची गाडी, खोप्या, सगळं.

"बरं, चुकलं म्हणा," ती हळू म्हणाली. "आता नीट करा. तार मह्या पत्र्यावरून गेलीय. खाली घ्या."

"ती अकरा हजार व्होल्टची तार आहे. तिला खाली घ्यायला दुसरी डीपी लागते. तुमची आहे तीच उचलून जोडली तर मोटरीही चोवीस तास चालतील, मग योजना कशाला केली? घरांना आणि गिरणीला वेगळी डीपी हवी."

"मग द्या वेगळी."

"निधी कुठून आणू? तुमचा फीडर झालेला आहे."

"झालेला म्हंजे?"

वैजनाथरावांनी माझ्याकडं पाहिलं, मी सांगावं म्हणून. मी सांगितलं. आराखड्यात तुमच्या फीडरपुढं 'काम पूर्ण' असं लिहिलंय. नव्या योजनेत पैसे फक्त न झालेल्या फीडरांना. पूर्ण झालेल्यावर पुन्हा खर्च दाखवला तर आधीचा खर्च वाया गेला असं होतं, आणि ते वर कुणी मान्य करत नाही. हे मला चांगलं माहीत होतं, कारण ते तक्ते मीच भरत होतो.

"म्हंजे न झालेलं असतं तर झालं असतं," मावशी म्हणाली.

"तसंच," वैजनाथराव म्हणाले. ते पुढं म्हणाले की अर्ज द्या, मी वर पाठवतो, पण हे म्हणताना त्यांनी डोळे खाली घातले. अर्ज आम्ही दिला. त्याचं उत्तर मी अजून पाहिलेलं नाही.

परतताना जीपमध्ये ती एवढंच म्हणाली, "बद्रीनाथला लई बोलले मी."

मी म्हणालो, "मावशी, वस्तीत काही सांगू नकोस. नियमच वाईट होता, तुझी काय चूक?"

"नियम वाईट व्हता. पर घरं नायत असं म्या म्हणलं."

दुसऱ्या दिवशी तिनं गिरणीवर सगळ्यांना बोलावलं. मी मुक्कामाला राहिलो होतो. तिनं काही आडपडदा ठेवला नाही. बद्रीनाथचा काही संबंध नाही, आपण मोटरी दाखवल्या आणि घरं लपवली म्हणून शेतीत गेलो, आणि ते मी सांगितलं म्हणून केलं. आता वस्तीवर अंधार आहे तो असाच राहणार.

 मग कडूबा उठला, धोतर झटकलं. "मी तवाच म्हणत व्हतो," तो म्हणाला.

"काय म्हणत व्हतास?" मावशीनं विचारलं.

"हेच. लपवालपवी करायची तर नीट करावी."

सांडू म्हणाला, "बायामाणसाच्या नादी लागलं की असंच." तो सांडू, ज्यानं मोटरीवर पाणी शिंपडलं होतं. मी त्याला काही बोलणार होतो, पण मावशीनं हातानं थांबवलं. माणसं एकेक करून गेली. बन्सीकाका तेवढे बसून राहिले. मला वाटलं ते तिला धीर देतील. ते म्हणाले, "घरांचं मी विचारलं व्हतं."

त्यानंतर दिवसाच्या हप्त्यातही डबे येईनात. अंधाराला आता नाव मिळालं होतं, आणि ते बद्रीनाथचं नव्हतं. वस्तीत कुणाच्या पोराला परीक्षेत कमी मार्क पडले तरी सारजाबाईमुळं, कुणाला शेतात साप चावला तरी सारजाबाईमुळं. गिरणीवर आता काही ठरत नव्हतं. ती एकटी दगडांना टाकी लावून बसायची, दळायला काही नसताना.

त्या उन्हाळ्यात ती गावात गेली, बद्रीनाथकडं. गिरणीत बाया होत्या. तिनं त्याच बायांसमोर सांगितलं की मी बोलले ते खोटं होतं. बद्रीनाथ म्हणाला, "मला ठाव व्हतं आक्का. बसा." त्याला गिरणीसाठी माणूस हवंच होतं. चोवीस तास लाइट आल्यापासून गिरणी दिवसभर चालायची आणि त्याचं शेत नुसतं पडलं होतं. त्यानं विचारलं आणि ती हो म्हणाली. तिची मोटर आणि दगड त्यानंच घेतले, जुने म्हणून, जुन्याच्या भावात.

आता ती रोज सकाळी वस्तीवरून गावात पायी जाते. बद्रीनाथच्या गिरणीत बसते. हल्ली ती कुणाला टोमणे मारत नाही. खडे असले तर गुपचूप निवडते. मागच्या महिन्यात मी गेलो होतो, तेव्हा कडूबा डबा घेऊन आला होता. त्यानं डबा खाली ठेवला, वर लटकलेल्या बल्बकडं पाहिलं.

"इथं लाइट जात नाय ना वहिनी? लांबून आलोय."

"नाय जात," ती म्हणाली आणि पट्टा चढवला.